दादाचं फंक्शन, माझं फंक्शन

परवा पुतण्याचा लोह्याहून फोन आला. बारावीत आहे. मोबाइलवर कसलीशी व्यक्तिमत्त्व चाचणी देऊन बसला होता. म्हणाला, "काका, माझ्यात एफ निघालाय. म्हणजे मी भावनेवर चालणारा. आता कॉमर्स मला जमायचं न्हाई ना?"

मी आधी हसलो, मग गप्प झालो. कारण ही चूक मी स्वतः केली होती, आणि तीही याच पोराच्या बापाबाबत.

झालं असं. पुण्यात नोकरीला लागल्यावर एका ट्रेनिंगमध्ये आमच्याकडून हीच चाचणी सोडवून घेतली. मला चार अक्षरं मिळाली, आय-एन-टी-जे. खाली लिहिलं होतं, दूरदृष्टीचा, योजना आखणारा. कुणाला आवडणार नाही? दहावीचा निकाल दाखवावा तसा तो कागद मी घरी सगळ्यांना दाखवला.

पुढे एका दिवाळीत मी दादाला म्हणालो, सोयाबीन सोड, तुती लाव, रेशीम करू. पाच वर्षांचा हिशोब एक्सेलमध्ये मांडून नेला होता. दादानं कागद बघितला, घडी घातली आणि म्हणाला, "बोरचं पाणी फाल्गुनात आटतंय. सोळाच्या दुष्काळात काय झालतं, तू नव्हतास इथं."

"तुला पुढचं दिसतच नाही," मी बोलून बसलो.

"अन् तुला पायाखालचं दिसंना."

त्यानंतर दीड वर्ष आम्ही फोनवर फक्त आईच्या गोळ्यांबद्दल बोलत होतो.

त्या काळात, खरं सांगायचं तर दादा कसा चुकला हे सिद्ध करायला, मी या विषयावर वाचायला लागलो. मूळ कल्पना कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाची, १९२१ च्या पुस्तकातली. कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स या दोघी अमेरिकन बायकांनी पुढे त्यावरून प्रश्नावली बनवली आणि माणसांचे १६ प्रकार पाडले. चार अक्षरं या मायलेकींची. युंगचा भर होता तो मनाच्या चार कामांवर, ज्यांना फंक्शन्स म्हणतात : संवेदन, विचार, भावना आणि अंतःप्रेरणा.

युंग १९३७-३८ च्या हिवाळ्यात भारतात येऊन गेला होता. मार्गशीर्षात आमच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला आला असता, तर त्याला चारही कामं जनावरांच्या बाजारात एका जागी बघायला मिळाली असती. समोर बैल उभा आहे. त्याचे दात, खूर, शिंगं, कातडीची लकाकी नेमकी टिपणं हे संवेदन. दोन दाती आहे की चार दाती, म्हणजे वय किती, मग किंमत किती, हा विचार. हा आपल्या दावणीला शोभेल की नाही, मनाला पटतो की नाही, ही भावना. इथं भावना म्हणजे रडणं-बिडणं नव्हे, मोल ठरवणं. आणि मालक एवढ्या घाईनं का विकतोय, काहीतरी खोड असणार, असं जे उगीचच वाटून जातं ती अंतःप्रेरणा. बैल घेणारा प्रत्येक माणूस चारही कामं करतो. फरक फक्त कुठलं काम आधी होतं आणि कुठलं राहून जातं, एवढाच.

त्यात प्रत्येक काम बाहेरच्या जगाकडे तोंड करून होतं किंवा आतल्या आत. म्हणून कामं आठ.

आता गंमत बघा. दादानं चाचणी कधी दिलेली नाही, पण माझ्या अंदाजानं तो आय-एस-टी-जे. म्हणजे आमची चारपैकी तीन अक्षरं सारखी! मग भांडण कशाचं? अक्षरांत याचं उत्तर नाही, ते क्रमात आहे. माझं पहिलं काम आतली अंतःप्रेरणा, त्याचं पहिलं काम आतलं संवेदन, म्हणजे आजवर जे जे अनुभवलं त्याचा साठा. दुसरं काम मात्र दोघांचंही एकच, बाहेर मांडलेला रोखठोक विचार. म्हणजे दोघं बघतो वेगळं आणि बोलतो सारख्याच ठामपणे. ठिणगी पडणारच.

आणि माझं सगळ्यात शेवटचं, दुबळं काम कुठलं? बाहेरचं संवेदन. या क्षणी समोर काय आहे ते नीट बघणं. दादानं पुस्तक न वाचता ते एका वाक्यात सांगितलं होतं, पायाखालचं दिसंना!

हे सगळं शास्त्रानं सिद्ध झालंय असं मात्र कुणी समजू नये. फंक्शन्सच्या या क्रमाला संशोधनाचा भक्कम आधार नाही. बरीच माणसं दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी असतात. काही आठवड्यांनी तीच चाचणी दिली तर अक्षर बदलू शकतं. खुद्द युंगनंही १९३४ साली माणसांना असं खणाखणांत टाकण्याला पोरखेळच म्हटलं होतं. आपल्याकडेही २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी होत असे. ती आवडीनिवडीची होती, याच्याशी तिचा संबंध नाही. पण तिच्यात कुणाचं 'गणवेशधारी सेवा' आलं की घरचे त्याला लगेच फौजदार म्हणायला लागायचे. आपल्याला शिक्का फार आवडतो.

म्हणून माझं मत असं की अक्षरं विसरावीत, प्रश्न ठेवावेत. मी आधी काय बघतो? माझं काय बघायचं राहून जातं? समोरच्याला ते दिसतंय का? हे प्रश्न स्वतःला विचारायला कुठलीही चाचणी लागत नाही.

पुतण्याला मी एवढंच सांगितलं की एफ म्हणजे तुझ्यात विचार नाही असं नव्हे. तो आहेच, फक्त रांगेत मागं उभा आहे, त्याला पुढं बोलव. कॉमर्स जमेल की नाही ते वही उघडून हिशोब सोडवल्यावर कळेल.

गेल्या उन्हाळ्यात मी गावी गेलो, तेव्हा एक्सेल नेलं नाही. दादाबरोबर बांधावरून चालत बोरपर्यंत गेलो आणि पाण्याबद्दल त्यालाच विचारत राहिलो. परत येताना तो आपणहून म्हणाला, "अर्ध्या एकरात लावून बघू का रे ती तुती?"

मी म्हणालो, "आधी पाण्याचं बघू."

दोघंही हसलो.