तारखेच्या दिवशी तिला संरक्षण कुणाचं?

‘पोटगी’ हा शब्द निघाला की आमच्या मेसमध्ये टेबलाच्या दोन पार्ट्या होतात. कुणीतरी मोबाईलवर रील दाखवतो, दुसरा म्हणतो “सगळे कायदे बायकांच्याच बाजूचे”, आणि आमटी गार होते. पण यातल्या किती जणांनी तो कायदा उघडून वाचलाय? मी वाचला. हौस म्हणून नाही. मावसबहिणीच्या घटस्फोटाचे इंग्रजी कागद समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला मी एकटा. उलट ‘मनाई हुकूम’ म्हणजे काय, हे मला तिच्याकडून कळलं!

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. मुळात तो कुणाला आत टाकण्यासाठी नाहीच. मॅजिस्ट्रेट नवऱ्याला हुकूम देऊ शकतो, की हात उचलायचा नाही, फोन-मेसेज करायचे नाहीत, तिच्या ऑफिसात किंवा मुलांच्या शाळेत जायचं नाही, जॉइंट खातं परस्पर रिकामं करायचं नाही. धोका मोठा असेल तर समोरच्याचं ऐकून घ्यायच्या आधीसुद्धा असा तात्पुरता हुकूम देता येतो. तो हुकूम मोडला तरच शिक्षेचा प्रश्न येतो : एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हीच मागणी त्याच कोर्टात करता येते.

मेसमधला राग खरं तर ४९८-अ वर असतो. ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ नंबरला गेलं. आणि तिथेही सरसकट अटक करायची नाही, कारणं लिहून ठेवायची, हे सुप्रीम कोर्टाने अर्नेश कुमार खटल्यात २०१४ सालीच पोलिसांना सांगितलंय. खोट्या केसेस होतच नाहीत असं मी म्हणणार नाही. ज्याच्यावर होते त्याची नोकरी, आई-वडील, सगळंच टांगणीला लागतं. पण त्याचा राग खरोखर मार खाल्लेल्या बाईवर काढायचा, हा कुठला हिशोब?

राहत्या घराचं उदाहरण घ्या. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तुझा काय संबंध, असं म्हणून बाईला बाहेर काढणं पूर्वी सोपं होतं, कारण सुप्रीम कोर्टाचा २००६ चा एक निकाल तसाच होता. २०२० मध्ये सतीश आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात कोर्टानेच तो फिरवला. सासऱ्यांच्या मालकीचं असलं, तरी ती संसार करत राहिलेलं घर हे कायद्याच्या भाषेत ‘सामायिक घर’ ठरू शकतं.

म्हणजे कागदावर बरंच आहे. माझं भांडण कोर्टाच्या कॉरिडॉरशी आहे.

ताईच्या प्रत्येक तारखेला तो समोरच्याच बाकावर येऊन बसायचा. शिवी नाही, धमकी नाही. नुसती गाडीची किल्ली बोटावर फिरवत बसायचा. पुकारा व्हायला कधी तीन तास, कधी चार. मग कळायचं, साहेब रजेवर, पुढची तारीख. समुपदेशकाच्या खोलीत दोघांना शेजारी-शेजारी बसवून “थोडं तुम्ही जमवून घ्या, थोडं ते घेतील.” आता ज्याला ती घाबरते, त्याच्याच शेजारी बसून ती खरं काय बोलणार? ती म्हणाली, “काही प्रॉब्लेम नाही.” तेवढंच बाहेर आलं. (आपण व्हायवात एक्स्टर्नलसमोर ओम्स लॉ विसरतो, इथे तर आयुष्य पणाला लागलेलं.)

कायदा म्हणतो, अर्ज आल्यावर साधारण तीन दिवसांत पहिली सुनावणी आणि तिथून ६० दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा. ताईचे ६० दिवस केव्हाच उलटून गेले. अर्ज लिहायला, घर मिळवून द्यायला जो ‘संरक्षण अधिकारी’ हवा, तो जिल्ह्यात आणि तालुक्यात नेमा, हे सुप्रीम कोर्टाला मे २०२५ मध्ये राज्यांना पुन्हा सांगावं लागलं. कायदा लागू होऊन तेव्हा अठरा वर्षं उलटली होती!

मी इंजिनिअरिंगचा पोरगा, मला वकिली कळत नाही. पण ले-आउट कळतो. वेगळी वेटिंग रूम, वेगळं दार, आधी निघायची दहा मिनिटं, आणि तिने मागितलं तर व्हिडिओवरून हजेरी. याला काय रॉकेट सायन्स लागतं? जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र केंद्रं उभारायला सांगितली, आणि कुणाला असुरक्षित मानायचं हे ठरवायची मुभा फॅमिली कोर्टालाही दिली. मग ती सोय घटस्फोटाच्या तारखेला आलेल्या बाईला सरसकट का मिळू नये?

जाता जाता एक. होस्टेलवर आपण सगळे कुठून कुठून आलोय, कुणाच्या घरी काय चाललंय ते सांगता येत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. महिला हेल्पलाईन १८१. ताईला हे कळलं तोपर्यंत मावशीने दोन वकिलांची फी भरून पाटल्या मोडल्या होत्या.