कणीक एकच, पण...

परवा रात्री साडेदहाला शेजारची लेक दारात उभी. डोळे रडून सुजलेले. "काकू, वाट लागली माझी! अर्ज गेला आणि त्यात दुसऱ्याच कॉलेजचं नाव राहिलं!"

बारावीत आहे ती. शिष्यवृत्तीच्या आशेवर अमेरिकेतल्या सात कॉलेजांना अर्ज करतेय. फीसाठी आईनं भिशीचे पैसे उचललेत. आपल्या वेळी मार्कलिस्टची झेरॉक्स जोडली की अर्ज पुरा व्हायचा. तिकडं मात्र स्वतःबद्दल निबंध लिहावा लागतो. 'कॉमन ॲप' या सामायिक अर्जातला मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो. तो एकदाच लिहायचा, सगळीकडे तोच जातो. शिवाय बरीच कॉलेजं वेगळा छोटा प्रश्न विचारतात, 'आमच्याच कॉलेजात का यायचंय?' पोरीनं एका कॉलेजचं उत्तर उचलून दुसऱ्याला चिकटवलं आणि नाव बदलायचं राहिलं.

"आळस, दुसरं काय!" आई कडाडली. मला नाही पटलं. प्रॅक्टिकल्स, क्लास, त्यात इंग्रजीतून लिहायचं. सातही ठिकाणी नव्यानं लिहायला ती काय यंत्र आहे? स्वतःचं लिखाण पुन्हा वापरण्यात चोरी कसली? आमच्या बचत गटासाठी मदतीचे अर्ज मीही असेच फिरवते. एकदा एका संस्थेच्या अर्जात दुसरीचंच नाव गेलं. त्या नावाभोवती लाल गोल काढून कागद परत आला, तेव्हा मान खाली गेली होती!

मग आम्ही दोघी अर्ज घेऊन बसलो. मुख्य निबंध वडिलांच्या पिठाच्या गिरणीवरचा. संध्याकाळी गिरणीत बसून हिशेब ठेवता ठेवता तिला आकड्यांची गोडी कशी लागली, ते लिहिलेलं. सुरेख! हे कॉलेजागणिक बदलायचं कशाला? मग ते 'तुमच्याच कॉलेजात का' वाचलं. मी नावावर बोट ठेवून म्हटलं, "आता वाच." उत्तम शिक्षक, मोठं ग्रंथालय, सुंदर परिसर... कुठल्याही कॉलेजला चालेल असं! तीच म्हणाली, "काकू, नाव बरोबर असतं तरी हे चुकलंच होतं."

मैत्रिणींनो, खरी गोम इथंच आहे. कणीक एकदाच मळावी, पण पुरणपोळी करायची की पराठा, हे ताटावर कोण बसलंय ते बघून ठरतं. स्वतःची गोष्ट तीच राहू द्या. 'तुम्हीच का' याचं उत्तर मात्र त्या कॉलेजचे विषय वाचूनच लिहावं लागतं.

इंग्लंडची तऱ्हा आणखी वेगळी. तिथल्या 'यूकास'च्या अर्जात पाच पसंती देता येतात आणि निवेदन सगळ्यांना एकच जातं. म्हणजे तिथं एखाद्या विद्यापीठाचं नाव घालणं हीच चूक! २०२६च्या प्रवेशापासून हे निवेदन तीन प्रश्नांत विभागलंय, मर्यादा एकूण ४००० अक्षरांची. दुसऱ्याचं उतरवलंय का, हेही तिथं तपासतात. तेव्हा मैत्रिणीच्या ताईचा 'पास झालेला' निबंध मागून आणायच्या फंदात मुलींना पडू देऊ नका. स्वतःचं पुन्हा वापरणं वेगळं, दुसऱ्याचं आपलं म्हणून खपवणं वेगळं.

सकाळी तिनं त्या कॉलेजला चार ओळींची ई-मेल केली. चूक कबूल केली, नवं उत्तर सोबत जोडलं. ते मानायचं की नाही, ही त्यांची मर्जी. पण उरलेले अर्ज ती आता नाव झाकून वाचते आणि मगच पाठवते.

आईला इंग्रजी येत नाही, म्हणून ती इतके दिवस लांबच राहिली होती. मी तिला म्हटलं, "वहिनी, इंग्रजी कशाला हवं? लेकीला शेजारी बसवा, मराठीत सांगायला लावा आणि दोनच गोष्टी विचारा. हे तुझंच ना? आणि हे त्यांच्यासाठीच ना?"

आता रात्री गिरणी बंद झाली की मायलेकी अर्ज घेऊन बसतात.