सत्कार आवरा, पुस्तकाचं बोला!

संमेलनांच्या बातम्या करण्यात माझी वीस वर्षं गेली. आमच्या हिंगोली-वसमत-कळमनुरीकडचं ठरलेलं चित्र: अकराचं उद्घाटन एकला, मग हार, शाली, सत्कार. गावच्या कवीला रात्री दहानंतर दोन मिनिटं; तोवर मंडपवाला खुर्च्या उचलायला लागलेला असतो.

नामदेवांचं नरसी आपल्या जिल्ह्यात. त्यांची कर्मभूमी म्हणून पंजाबातल्या घुमानला २०१५ साली अखिल भारतीय संमेलन भरलं, आनंदच आहे. पण आपण आपल्या लिहित्या माणसांना काय देतो? नारळ अन् शाल. त्यांचं पुस्तक विकत कुणी घेत नाही.

अन् चित्रांतून गोष्ट सांगणारा तर आपल्या लेखी साहित्यिकच नाही. त्याला आपण बॅनर रंगवायला बोलावतो. 'भीमायन' ही ग्राफिक कादंबरी बघा. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी त्यात बाबासाहेबांचं आयुष्य चितारलं, २०११ ला ती आली. शाळेत पाण्यासाठी तरसलेलं लेकरू त्यात पाहिलं की सहावीतल्या पोरालाही जातीचा चटका कळतो. आपल्या अध्यक्षीय भाषणानं कळतो का?

आयोजकहो, पुढच्या वेळी सकाळचा पहिला तास गावच्या लेखकांना अन् एका चित्रकथाकाराला द्या. समोर शाळेची पोरं बसवा. पुढाऱ्यांना रात्री दहानंतर दोन मिनिटं ठेवा. बघू, किती थांबतात ते!