मान वर करून

वाचकहो, वसंत ऋतू येतो तो आपल्या डोक्यावरून. खाली मान घालून चालणाऱ्याला त्याची वार्ता लागते ती केवळ पायाखाली चुरचुरणाऱ्या वाळक्या पानांवरून. आणि मग असा मनुष्य अंगण पुन्हा झाडावे लागणार म्हणून त्रासतो. आजकाल तर हातातल्या मोबाईलमुळे मान खाली घालण्याची आणखी एक सोय झाली आहे. परंतु त्याच पानगळीच्या वर, दहावीस हातांवर, केवढा समारंभ चाललेला असतो! मान वर करण्याचे तेवढे कष्ट मात्र घ्यावे लागतात.

हा समारंभ साऱ्या देशात एकाच वेषात येत नाही. आसामात बिहूच्या दिवसांत मुली केसांत ‘कपौ’ची फुले माळतात. केरळात विषूच्या पहाटे बहाव्याच्या पिवळ्या घोसांचे दर्शन घेतल्यावाचून वर्षाची सुरुवात होत नाही. बंगालच्या पश्चिमेकडील माळांवर आणि छोटा नागपूरच्या पठारावर पळस पेटतो. आणि आपण मराठी माणसे, इंदूरला असू की बडोद्याला, हैदराबादला असू की दिल्लीला, पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी कडुनिंबाची डहाळी शोधत हिंडतो. मी गेली बावीस वर्षे दिल्लीच्या एका सरकारी वसाहतीत राहत आहे. येथे ही डहाळी शोधावी लागत नाही. नवी दिल्ली वसवली गेली तेव्हा रस्त्यांच्या दुतर्फा कडुनिंब, जांभूळ, अर्जुन असे वृक्ष लावले गेले, त्याचे सुख आम्ही आजही भोगत आहो. मार्च महिन्यात कडुनिंबाची पाने झडतात. त्याच सुमारास, येथे ज्याला पिलखन म्हणतात तो वडापिंपळाच्या कुळातला वृक्ष काही दिवस उघडा होतो आणि पाहता पाहता तांब्याच्या रंगाच्या पालवीने झाकून जातो. कोवळ्या पानांतील हा तांबूस रंग त्यांचे प्रखर उन्हापासून रक्षण करतो, असे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. लहान मुलाच्या डोक्यावर आईने पदर धरावा, तशीच ही व्यवस्था.

परंतु या सुखाचे एक मोल द्यावे लागते आणि कवी त्याविषयी अवाक्षर काढीत नाहीत. ते मोल म्हणजे फजिती. झाडांकडे आणि पाखरांकडे पाहण्याची सवय ज्याला लागली, त्याची चारचौघांत शोभा होणार हे ठरलेलेच. माझ्या खात्यावर अशा पुष्कळ रकमा जमा आहेत. त्यांतल्या दोनतीन तुमच्यापुढे मांडतो.

आमच्या बसथांब्याजवळ सावरीचे एक मोठे झाड आहे. फेब्रुवारी सरता सरता त्यावर एकही पान उरत नाही आणि तळहाताएवढ्या, जाड पाकळ्यांच्या लाल फुलांनी फांद्या भरून जातात. या फुलांच्या तळाशी गोड रस साठतो आणि तो पिण्यासाठी कावळे, साळुंक्या, बुलबुल आणि खारी यांची पंगत बसते. एका सकाळी त्या पंगतीत मला पळसमैना दिसल्या. गुलाबी अंगाचे आणि काळ्या डोक्याचे हे पाखरू हिवाळ्यात आपल्या देशात पाहुणे म्हणून येते आणि उन्हाळा लागताच मध्य आशियाकडे परत जाते. आता जाण्याचे दिवस जवळ आले, तेव्हा पाहून घ्यावे, म्हणून मी मान वर करून उभा राहिलो.

थोड्या वेळाने माझ्या शेजारी एक गृहस्थ मान वर करून उभे राहिले. मग एक दूधवाला सायकल टेकवून उभा राहिला. मग शाळेची दोन मुले. पाहता पाहता दहाबारा माणसे जमली आणि एकाने तर मोबाईल काढून वर रोखला. ‘क्या हुआ, भाईसाहब? कोई चढ़ गया क्या?’ अखेर एकाने विचारले. मी म्हणालो, ‘कुछ नहीं, मैना देख रहा हूँ.’ वाचकहो, त्या क्षणी त्या मंडळींच्या चेहऱ्यांवर जी निराशा पसरली, तिचे वर्णन मला करता येणार नाही. आणि तेवढ्यात, जणू त्यांची कीव येऊन, झाडाने एक भरघोस फूल खाली सोडले. ते नेमके माझ्या कपाळावर आदळले आणि त्यातला चिकट रस चष्म्यावरून ओघळू लागला. अखेर काहीतरी घडले, याचे समाधान जमावाला लाभले. चष्मा पुसून मी पाहतो तो माझी बस निघून गेली होती.

दुसरी फजिती याहून सभ्य ठिकाणी झाली. पाडव्यानिमित्त आमच्या वसाहतीतली मराठी मंडळी एकत्र जमतात. एका वर्षी ‘वसंतवैभव’ या विषयावर दोन शब्द बोलण्याची कामगिरी माझ्याकडे आली. मी पुष्कळ विशेषणे गोळा केली आणि ‘आम्रतरूच्या पर्णराजीत लपून कोकिळा पंचम स्वरात गाऊ लागते’ असे म्हणून टाळ्यांसाठी क्षणभर थांबलो. टाळ्यांऐवजी पहिल्या रांगेतून एक नऊदहा वर्षांची मुलगी उठली. ‘काका, कोकिळा नाही गात. कोकीळ गातो. आमच्या बाईंनी सांगितलंय.’ मी हसून वेळ मारून नेण्याचा प्रयत्न केला. पण ती बसेना. ‘मग कोकिळा दिसते कशी?’

मला ठाऊक नव्हते! जिच्या कंठाविषयी मी दहा मिनिटे बोलत होतो, ती मी कधी पाहिलीच नव्हती. सभेत हशा पिकला आणि मी पाणी प्यालो.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. मुलगी म्हणाली ते अक्षरशः खरे होते. चढत्या सुरात ‘कुऊ, कुऊ’ अशी साद घालतो तो नर. तो काळा कुळकुळीत असतो आणि त्याचे डोळे लालभडक असतात. डोळे न पाहणारा त्याला कावळा समजून पुढे जातो. मादी तपकिरी रंगाची, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची आणि पट्ट्यांची. तिचा आवाज म्हणजे ‘किक्-किक्-किक्’ असा तुटक ओरडा. त्याला गाणे म्हणणे कठीण आहे. ती पानांच्या आड इतकी बेमालूम लपते की तिला पाहण्यासाठी मला नऊ सकाळी कडुनिंबाखाली काढाव्या लागल्या. नवव्या दिवशी ती दिसली आणि मला जो आनंद झाला, तो टाळ्यांनी खास झाला नसता. ती अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते हे आपण शाळेतच शिकतो. परंतु कावळ्यासारख्या धूर्त पाखराला फसवायचे तर असे ठिपक्यांचे, नजरेत न भरणारे वस्त्रच हवे, हे मला त्या झाडाखाली उभे राहून पटले. त्या मुलीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘मी तर गेल्याच वर्षी पाहिली.’

तिसरी हकिगत लोदी उद्यानातली आहे. तेथील जुन्या वृक्षांवर राखी रंगाचे धनेश पक्षी राहतात. यांचा संसार मोठा नवलाचा. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. एक अरुंद फट तेवढी ठेवते. त्या बंद खोलीत ती अंडी उबवते आणि कित्येक आठवडे नर तिला त्या फटीतून खाऊ घालतो. अशी एक ढोली मला सापडली. दुर्बीण डोळ्यांना लावून मी अर्धा तास उभा राहिलो आणि मग माझ्या ध्यानात आले की त्याच वृक्षाखालच्या बाकावर एक तरुण जोडपे बसलेले आहे आणि ती दोघे माझ्याकडे अत्यंत संशयाने पाहत आहेत. तो तरुण उठून आला. ‘अंकल, कोई परेशानी है?’ मला घाम फुटला. काय सांगावे? शब्द सुचेनात, म्हणून मी दुर्बीणच त्याच्या हाती दिली आणि ढोलीकडे बोट दाखवले. दैव अनुकूल होते. त्याच वेळी नर चोचीत पिंपळाची फळे घेऊन आला आणि फटीतून दुसऱ्या चोचीचे टोक बाहेर आले. तरुणाने ‘अरे!’ म्हणून मैत्रिणीला हाक मारली. मी तिला सारा प्रकार समजावून दिला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मग त्या तरुणाकडे वळून एवढेच म्हणाली, ‘सुना?’

तुम्ही म्हणाल, अशा फजित्या सोसण्यात शहाणपण ते काय? मला या प्रसंगी एका लहान मुलाची आठवण होते. १९०८ साली मुंबईत त्याच्या छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मेली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे घरात कुणाला सांगता येईना. तेव्हा तो मुलगा ती मेलेली चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत गेला. तेथे एका अनोळखी इंग्रज अधिकाऱ्यापुढे उभे राहावयाचे होते. मनात भीती आणि संकोच होताच. तो मुलगा दारावरूनच परत फिरता, तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. पण तो आत गेला. मिलर्ड नावाच्या त्या अधिकाऱ्याने त्याला संग्रहातील पाखरे उघडून दाखवली आणि आपल्या देशाला सालिम अली लाभले. पुढे १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी त्या चिमणीच्या पतनाचेच नाव दिले.

येथवर सांगितले ते हसण्यावारी नेण्यासारखे. आता एक गोष्ट सांगतो, ती मी आजवर हसण्यावारी नेऊ शकलो नाही.

सहा वर्षांपूर्वी माझी आई सातारा जिल्ह्यातले आमचे गाव सोडून दिल्लीस राहावयास आली. तिला हिंदी येत नव्हते. शेजारच्या बायका प्रेमळ होत्या, पण त्यांच्याशी बोलावे काय आणि कसे? दिवसभर ती सज्जात बसून राही. मार्चमधल्या एका पहाटे समोरच्या कडुनिंबावर कोकीळ ओरडला. ‘अगं बाई, हा इथंही आहे!’ असे म्हणून आई उठून बसली आणि तिने सज्जात जाऊन त्याला ‘कुऊ’ अशी साद दिली. तिच्या लहानपणी परड्यातल्या आंब्याखाली सारी भावंडे असेच करीत. कोकिळाने उत्तर दिले. आईने आवाज चढवला, त्यानेही चढवला. तुम्ही कधी ही स्पर्धा केली असेल, तर हे पाखरू सहसा माघार घेत नाही हे तुम्हांला ठाऊक असेलच.

मग हे रोज पहाटे होऊ लागले. समोरच्या खिडक्या उघडू लागल्या. मुले हसू लागली. कचेरीत एकाने मला मोठ्या सौजन्याने विचारले, ‘माताजी ठीक तो हैं?’ त्या संध्याकाळी मी आईला म्हणालो, ‘आई, इथे लोक उशिरापर्यंत झोपतात. बरं दिसत नाही ते.’

ती रागावली नाही. ‘बरं’ एवढेच म्हणाली. दुसऱ्या पहाटे कोकीळ एकटाच ओरडत राहिला. आणि खरे सांगायचे तर, तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले.

यंदाच्या मार्चमध्ये, कडुनिंबाची पाने झडू लागली होती तेव्हा, आई चहा घेता घेता म्हणाली, ‘यंदा अजून आला नाही का रे तो?’ मी तिच्याकडे पाहत राहिलो. समोरच्या फांदीवर बसून तो जीव तोडून ओरडत होता. आईच्या कानांना कमी ऐकू येते हे घरात सर्वांना ठाऊक होते. आम्ही तिच्याशी मोठ्याने बोलतही होतो. पण तिच्या कानांपासून आणखी काय काय दूर गेले असेल, याचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. ज्या पहाटेंना तिला तो ऐकू येत होता, त्या पहाटे मी तिला गप्प बसवले होते.

मी तिचा हात धरून तिला सज्जात नेले, फांदीवरचा काळा पक्षी दाखवला आणि मग तिच्या कानाशी वाकून, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, ‘कुऊ! कुऊ!’

समोरची खिडकी उघडली. मग तिच्या वरची. आई हसू लागली. ‘एवढा बेसूर नाही रे तो,’ ती म्हणाली. आणि कठडा धरून तिने स्वतःच साद घातली. फांदीवरून तत्काळ उत्तर आले. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले. ‘दिलं का उत्तर?’ मी मान हलवून सांगितले, ‘दिलं.’ तिने पुन्हा साद घातली.

हा आता आमचा रोजचा पाठ झाला आहे. समोरच्या खिडकीतली दोन मुलेही त्यात सामील झाली असून कोकीळ काहीसा गोंधळला आहे.

वाचकहो, हा ऋतू फार दिवसांचा नाही. उन्हाचा कडाका वाढला की फुले वाळतील आणि पावसाळा सरता सरता कोकीळही मुका होईल. तुमच्या घरासमोर जे कोणते झाड असेल त्याच्याखाली एकदा थांबा. घरातील वडीलधाऱ्यांना आणि मुलांना बरोबर घ्या. लोक हसले, तर हसू द्या. आणि तुमच्यासमोरच्या सज्जात कुणी वृद्ध बाई पाखराशी बोलताना दिसली, तर खिडकी उघडून ऐका. जमल्यास एक साद तुम्हीही द्या.