शेजाऱ्याचे देवघर

धर्मस्वातंत्र्य हा शब्द कानी पडताच ज्याला त्याला आपापला धर्म आठवतो. आपल्या देवळास कोणी हात लावू नये, आपल्या सणास कोणी आडकाठी करू नये, एवढाच त्याचा अर्थ आपण घेतो. हा अर्थ खोटा नव्हे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा आम्हांस कोणत्याही पोथीत मिळाला नाही. तो एका बारा वर्षांच्या मुलाने शिकविला.

सन १९८६ च्या जून महिन्यातील ही गोष्ट. आम्ही नुकतेच मास्तरकीत पडलो होतो आणि संस्कृताचा अभिमान अंगी जरा अधिकच मुरला होता. रोज सकाळी वर्गाकडून सरस्वतीस्तवन म्हणवून घेण्याचा आमचा नेम असे. वर्गात एक ख्रिस्ती मुलगा होता. तो हात जोडून, मान लववून उभा राही. पण त्याचे ओठ हलत नसत. एके दिवशी आम्ही त्यास दरडावून म्हटले, "सर्वांबरोबर म्हणावयाचे नसेल, तर बाहेर जाऊन उभा राहा." तो निमूटपणे निघाला. इतक्यात मागच्या बाकावरून मुलाण्याचा मुलगा उठला व म्हणाला, "गुर्जी, त्यो म्हनत न्हाई, पर हुबा तर नीट ऱ्हातोय की!"

हा मुलगा स्वतः ते स्तवन बिनचूक म्हणत असे. त्यास स्वतःसाठी काहीच मागावयाचे नव्हते. तरीही आम्ही त्यालाही बाहेर घातले.

पुढे दोन महिन्यांतच वर्तमानपत्रात एक निकाल वाचनात आला. केरळातील तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु आपल्या पंथाच्या श्रद्धेस अनुसरून गात नसत. म्हणून त्यांस शाळेतून काढले होते. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांस पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. उभे राहण्याने मान राखला जातो, गाण्याची सक्ती करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय. आमच्या मागच्या बाकाने तोच न्याय आधी दिला होता! त्या दिवसापासून त्या ख्रिस्ती मुलास आम्ही मोकळीक दिली. मात्र त्याची क्षमा मागण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. गुरूने शिष्याची क्षमा मागण्याची रीत नाही, असे आम्ही मनास समजाविले. ती निव्वळ सबब होती.

त्या मुलाने वर्गात जे केले, तेच काम जगाच्या पाठीवर काही मंडळी संघ स्थापून करीत आली आहेत. १९०० साली अमेरिकेत बोस्टन येथे उदार धर्ममताच्या लोकांनी अशी एक संस्था काढली. तिच्या १९०३ सालच्या आम्स्टरडॅम येथील परिषदेस आपल्या महाराष्ट्रातून विठ्ठल रामजी शिंदे उपस्थित होते. जमखंडीत जन्मलेले हे प्रार्थना समाजाचे तरुण कार्यकर्ते त्या वेळी ऑक्सफर्ड येथे धर्मांचा तौलनिक अभ्यास करीत होते. हिंदुस्थानातील उदार धर्मावर त्यांनी तेथे निबंध वाचला. आरंभी बहुतांशी ख्रिस्ती असलेल्या या संघात पुढे जपानातील बौद्ध व शिंतो मंडळीही आली. आज हा संघ आपल्या नावातच धर्मस्वातंत्र्य हा शब्द धारण करतो.

अशा मंडळींचे काय काम, असे कोणी विचारील. त्यास आम्ही शिराझचे उदाहरण देऊ. इराणातील या शहरी १८ जून १९८३ रोजी दहा बहाई स्त्रियांस फाशी देण्यात आली. त्यांतील सर्वांत लहान अवघी सतरा वर्षांची होती, आणि लहान मुलांस धर्मपाठ शिकविणे हा तिच्यावरील आरोपांपैकी एक होता. मास्तरकीत जन्म गेलेल्या आम्हांस हे वाचून अन्न गोड लागेना. याच बहाई मंडळींची शाळा आपल्या पाचगणीस १९४५ पासून सुखाने चालत आली आहे. तेथे फास आणि येथे शाळा! बहाई माणसाने बहाईसाठी रडावे हे स्वाभाविकच. परंतु परधर्मीयाने त्याच्यासाठी शब्द टाकला म्हणजे तो स्वार्थाचा आहे, असे जुलमी सत्तेस म्हणता येत नाही.

आता जरा आपल्या अंगणात येऊ. आमच्या निमोण्याहून दक्षिणेस जाऊन भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. तेथे केडगावास पंडिता रमाबाईंचे मुक्ति मिशन आहे. संस्कृताच्या या विदुषीने १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे १८८९ साली मुंबईत काढलेले शारदासदन त्यांनी पुण्यास आणले. सदनात कोणत्याही धर्माची शिकवण दिली जाणार नाही, असे पालकांस अभिवचन होते. १८९३ साली मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात असा बोभाटा झाला, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, आणि रानडे-भांडारकरांसारखे उदार पुरुषही सल्लागार मंडळातून बाजूस झाले. आमच्या मते पालकांचा प्रश्न रास्त होता. दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, आणि परस्वाधीन मुलीच्या मनास आश्रयदात्याच्या श्रद्धेचा भार होता कामा नये.

परंतु रमाबाईंच्या स्वतःच्या धर्मांतराचे काय? ती सज्ञान, शास्त्रसंपन्न स्त्री होती. तिने कोणास फसविले नव्हते. तरी आपल्या वर्गाने तिच्यावर केवढा गहजब केला! १८८५ साली 'सत्सार' या पुस्तिकेत तिची बाजू घेतली ती जोतीराव फुल्यांनी. फुले ख्रिस्ती झाले नव्हते, पुढेही झाले नाहीत. मागच्या बाकावरून उठलेला आवाज तो हाच. १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत लिहिले गेले, तेव्हा जोतीरावांच्या त्या पुस्तिकेस त्रेसष्ट वर्षे होऊन गेली होती.

आपल्या एकत्र कुटुंबांतही हा प्रश्न रोज उंबऱ्याशी उभा असतो. मुलगा संध्या सोडतो. सून विपश्यनेसाठी इगतपुरीस जाते. नात परधर्मीयाशी विवाह करू म्हणते. वडीलधाऱ्यांनी समजूत घालावी, दुःखही बोलून दाखवावे. त्यात गैर काही नाही. मात्र पानावरून उठविणे, बोलणे टाकणे, दार बंद करणे, ही सक्तीच होय. अशा वेळी घरातील कर्मठ माणसानेच त्या मुलाची बाजू घ्यावी, असे आम्ही सुचवितो. पुरोगाम्याने घेतली तर तो वाद होतो. नित्यनेमाने पूजा करणाऱ्याने घेतली, तर घर ऐकते.

गेल्या चैत्रात शिरूरच्या बाजारात तो मुलाण्याचा मुलगा भेटला. आता तो पन्नाशी ओलांडलेला, नातवंडांचा आजा आहे. आम्ही धीर करून त्यास ती जुनी हकीकत सांगितली व इतक्या वर्षांनी चूक कबूल केली. तो हसून म्हणाला, "काय की गुर्जी, मला काय आठवत न्हाई बगा."

ज्याने शब्द टाकला, तो विसरला. ज्यास आम्ही दाराबाहेर उभे केले, तोही विसरला असेल, असे मात्र आम्हांस वाटत नाही.