बसमधल्या पुढच्या रांगा

मुलामुलींनो,

सांगलीहून नववीतल्या एका मुलीचं पत्र आलंय. तिच्या वर्गात म्हणे कडाक्याचं भांडण पेटलंय. विषय काय, तर एसटीत बायकांना राखीव जागा कशाला? त्यातच मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं, त्यामुळे मुलगे आणखी चिडलेत. ‘एकीकडे सगळे समान म्हणायचं आणि दुसरीकडे जागा धरून ठेवायच्या, हा कुठला न्याय?’ असं त्यांचं म्हणणं. मुली म्हणतात, ‘गर्दीत एकदा आमच्या जागी उभे राहून बघा, मग बोला.’ शेवटी बाईंनी शनिवारी मतदान ठेवलंय. आणि या मुलीने मला विचारलंय, ‘मावशी, तुम्ही दुबईला राहत होतात ना? तिथे काय पद्धत आहे?’

पद्धत एका वाक्यात सांगता येईल. दुबईच्या बसमध्ये पुढच्या काही रांगा फक्त बायकांसाठी आणि लहान मुलांसाठी राखलेल्या असतात. पण एवढ्याने तुमचं भांडण मिटायचं नाही. खरं सांगू? माझ्या मनातलं भांडणही अजून मिटलेलं नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी दुबईला गेले २०११च्या मे महिन्यात. काकांना तिथे नोकरी लागली होती आणि अल कुसैस नावाच्या भागात आम्हाला घर मिळालं होतं. आता गंमत बघा. मी पाचवीपासून पीएमटीने शाळेत जाणारी मुलगी. कॉलेजात असताना कितीदा दारातल्या दांडीला धरून स्वारगेट गाठलंय. पण तिथे गेल्यावर ही शूर बाई तीन आठवडे घरात बसून राहिली! कुणी कोंडून घातलं नव्हतं हं. काका सकाळी सातला कंपनीच्या गाडीने जायचे ते संध्याकाळी सातला यायचे. बाहेर ऊन असं, की दुपारी कठड्याला हात लावला तर चटका बसावा. रस्ते सहा-सहा पदरी, पलीकडे जायचं तर आधी पादचारी पूल शोधायचा. आपलं भारतातलं लायसन्स तिथे राहायला गेलेल्या माणसाला चालत नाही, तिथली परीक्षा नव्याने द्यावी लागते आणि तिला पैसेही भरपूर लागतात. टॅक्सीत बसलं की नजर मीटरवर आणि डोक्यात दिरहमचे रुपये करण्याचा हिशेब. आमच्या भागातली मेट्रो सुरू व्हायला अजून चार महिने होते.

मग राहिली ती बस. तिची मला चक्क भीती वाटत होती. चुकीच्या बसमध्ये चढले तर? कुठल्या तरी वाळवंटात उतरवलं तर? काकांना फोन करून ‘मी हरवलेय’ असं सांगायची लाज वाटत होती. मोठ्या माणसांनाही अशी भीती वाटते, बरं का.

शेवटी एका सकाळी शेजारच्या केरळच्या चेचीने मला बरोबर घेतलं. चेची म्हणजे मल्याळममध्ये ताई. ती एका दवाखान्यात नर्स होती. तिने मला आधी नोल कार्ड घ्यायला लावलं. तिथे बसमध्ये कंडक्टर नसतो आणि ड्रायव्हर रोख पैसे घेत नाही. चढताना कार्ड यंत्राला टेकवायचं आणि उतरताना आठवणीने पुन्हा टेकवायचं. सगळं शहर विभागांत वाटलेलं आहे. आता साध्या कार्डावर एका विभागात ३ दिरहम, शेजारच्या विभागात गेलात तर ५ आणि त्याहून लांब साडेसात. उतरताना टेकवायला विसरलात, तर सर्वांत लांबच्या प्रवासाचे पैसे कापले जातात. मी पहिल्याच दिवशी विसरले, हे ओळखलं असेलच तुम्ही.

आणखी एक गडबड केली. चढल्यावर सवयीने थेट मागे चालायला लागले. पुण्याची बस अंगात भिनलेली ना! तोच चेचीने पदर, म्हणजे माझी ओढणी, धरून मागे ओढली. ‘इधर, इधर!’ पुढच्या रांगेत फिलिपिन्सच्या दोघीजणी, एक श्रीलंकेची आणि एक इथिओपियाची बाई बसली होती. सगळ्यांनी सरकून मला जागा दिली.

या पुढच्या रांगा का, याचं कारण त्या शहराच्या लोकसंख्येत आहे. दुबईत राहणाऱ्या दर दहा माणसांमध्ये जवळजवळ सात पुरुष असतात. कामासाठी देशोदेशींहून आलेले, बायका-मुलांना गावी ठेवून एकटे राहणारे. त्यामुळे बस भरली की ती पुरुषांनीच भरते. अशा गर्दीत एकटी बाई चढायला बिचकली तर नवल नाही. पुढे जागा आहे हे माहीत असलं की ती बिचकत नाही. मी तरी बिचकले नाही, त्या दिवसानंतर.

आणि त्या पुढच्या रांगा म्हणजे नुसती बसायची जागा नव्हती. तिथे मोडक्यातोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या इंग्रजीत सगळं जग भेटायचं. कढीपत्ता कुठे ताजा मिळतो, कुठल्या शाळेची फी परवडते, घरमालकाने पैसे अडवले तर कुठे जायचं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईलाही नोकरी करता येते, फक्त कामाचा वेगळा परवाना काढावा लागतो, हे मला त्याच बाकावर कळलं. चार महिन्यांनी एका शाळेत हिंदी शिकवायची नोकरी लागली, तीही शेजारी बसलेल्या एका शिक्षिकेने ‘आमच्याकडे जागा आहे’ म्हणून सांगितल्यामुळे. फिलिपिन्सच्या दोघींपैकी एकजण एका घरात मुलं सांभाळायची. तिला आठवड्यातून एक दिवस सुट्टी. त्या दिवशी ती सकाळी निघायची, गावी पैसे पाठवायची, चर्चमध्ये जायची, मैत्रिणींबरोबर जेवायची आणि रात्री परत. हे सगळं बसने. बस नसती तर तिला ते शहर मालकांच्या खिडकीतून दिसलं असतं तेवढंच.

इथवर वाचून मुली खूष झाल्या असतील. थांबा.

नोकरी लागल्यावरची गोष्ट. संध्याकाळची वेळ, बस मागे खच्चून भरलेली. पुढे आम्ही तिघीच, तीन जागा रिकाम्या. आणि त्या रिकाम्या जागांपासून हातभर अंतरावर एक माणूस उभा. पन्नाशीचा असेल. हातात डब्याची पिशवी, पायात कामाचे जड बूट, डोळे मिटत होते. बस वळली की तोल जायचा आणि तो दचकून जागा व्हायचा. मला राहवेना. म्हटलं, ‘भैया, बैठ जाइए ना. खाली है.’ त्याने मान हलवली आणि काचेवरच्या सूचनेकडे बोट दाखवलं. ‘नहीं दीदी. जुर्माना लगेगा.’

खरंच होतं ते. राखीव भागात बसणाऱ्याला शंभर दिरहम दंड होतो. मी माझ्या जागेवरून उठले, तर तोही मागे सरकला. माझी जागाही राखीवच ना! मग आम्ही दोघंही उभे, आणि चार जागा रिकाम्या. कुणीतरी मागून हसलं. मी परत बसले. तो बहुधा माझ्यानंतरही बराच वेळ उभा होता. मी उतरले तेव्हा होताच.

त्या रात्री मी हे मिरजेच्या एका मैत्रिणीला फोनवर सांगितलं. ती तेव्हा रियाधला, म्हणजे सौदी अरेबियाच्या राजधानीत, नर्स होती. ती म्हणाली, ‘तुला निदान पुढे बसवतात. इथे बायकांचा भाग मागे, मध्ये आडोसा आणि चढायचं दारही मागचं वेगळं.’ पण ती त्या बसमध्ये क्वचितच चढायची. नर्सेसच्या वसाहतीची स्वतःची बस होती. ठरलेल्या संध्याकाळी ती बाजारात सोडायची आणि ठरलेल्या वेळी परत आणायची. कुणाला अर्धा तास जास्त हवा असेल तर सोय नाही. गाडी चालवायचा तर प्रश्नच नव्हता. त्या देशात बायकांना गाडी चालवायला बंदी होती. ६ नोव्हेंबर १९९० रोजी ४७ बायकांनी रियाधच्या रस्त्यांवर मुद्दाम गाड्या चालवल्या, तेव्हा त्यांना पोलिसांनी अडवलं होतं. ती बंदी उठायला २४ जून २०१८ उजाडावा लागला.

माझी मैत्रीण अजून तिथेच आहे. २०२३ साली रियाधमध्ये नव्या शहर बस सुरू झाल्या, २०२४च्या डिसेंबरात मेट्रो आली. मेट्रोत कुटुंबांसाठी वेगळा भाग असतो, त्यात एकटी बाईही बसू शकते. गाडी शिकायचं तिच्या मनात होतं, पण आता म्हणते, ‘या वयात कुठे! मी आपली मेट्रोने हवी तेव्हा जाते, हवी तेव्हा येते.’ यातला ‘हवी तेव्हा’ ती दोनदा म्हणते.

तर सांगलीच्या मैत्रिणी, दुबईत काय करतात ते हे असं. राखीव रांगा नसत्या तर मी त्या घरातून किती दिवसांनी बाहेर पडले असते, कोण जाणे. आणि तो डब्याची पिशवी घेतलेला माणूसही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आपल्याकडे बरं आहे, बाई चढली नाही तर तिच्या जागेवर कुणी टेकतो आणि ती आली की उठतो. निदान उठायला हवं. मुलग्यांनो, उठता ना? की खिडकीबाहेर बघत बसता?

शनिवारी मतदान झालं की निकाल कळव. किती मतं कुठल्या बाजूला पडली तेही लिही, आणि मुलग्यांपैकी कुणी मुलींच्या बाजूने हात वर केला का, किंवा उलट, तेही.

तुमची,
मावशी