दोष बियाण्याचा कीं पाण्याचा?

मोरगांव-सुप्याच्या जिरायती माळावर आणि नीरेच्या डाव्या कालव्याखालील बारामती-इंदापुरच्या बागाइतांत एकच बियाणें पेरिलें, तरी पीक सारखें येत नाहीं, हें आमच्या भागांतील पोरासही ठाऊक आहे. त्यावरून माळावरचें बियाणेंच हलक्या कुळींतलें असा निष्कर्ष कोणी शहाणा व्यापारी काढीत नाहीं. परंतु हाच गृहस्थ शाळेच्या निकालाकडे वळला, म्हणजे ‘त्या जातींत विद्या मुळांतच नाहीं’ असें बेधडक बोलतो. जमिनीच्या बाबतींत सुचणारा विचार माणसाच्या बाबतींत कां सुचूं नये?

अंतर आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत महाराष्ट्रांतील साक्षरतेचें प्रमाण शेंकडा ८२ वर होतें. अनुसूचित जमातींचें शेंकडा ६६ च्या आंतच राहिलें. वाद आहे तो कारणाविषयीं.

हा वाद केवळ आपल्याच घरचा नव्हे. पहिल्या महायुद्धांत अमेरिकेनें आपल्या सैनिकांच्या बुद्धीची परीक्षा घेतली. तिच्या आंकड्यांवरून कार्ल ब्रिगम ह्या मानसशास्त्रज्ञानें १९२३ सालीं ग्रंथ लिहून वंशावंशांत उच्चनीच ठरविलें. आणि १९३० सालीं त्यानेंच तें विवेचन निराधार म्हणून मागें घेतलें. त्याच परीक्षेंत उत्तरेकडील कांहीं राज्यांतले कृष्णवर्णीय सैनिक दक्षिणेकडील कांहीं राज्यांतल्या गोऱ्यांहून सरस ठरले होते. वर्ण बदलला नव्हता. शाळा बदलली होती. आपल्याकडेही जोतीराव फुले यांच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ता साळवे ह्या मांग समाजांतील मुलीचा निबंध १८५५ सालींच ‘ज्ञानोदया’त छापला गेला. शाळेचें दार उघडतांच जी बुद्धि दिसली, ती त्यापूर्वीं नव्हती काय?

आतां ज्यांच्यापर्यंत पाट पोंचलाच नाहीं, त्यांची स्थिति पहा. १८७१ च्या कायद्यानें जमातींच्या जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची वाट पाडली. पारधी, कैकाडी आदि जमातींवर तो शिक्का बसला. त्यांचीं नांवें पटावर चढलीं, पण तो पट शाळेचा नव्हता, पोलिसांचा होता. १९५२ सालीं कायदा रद्द झाला. संशय मात्र रद्द झाला नाहीं. आज विमुक्त व भटक्या जातींच्या मुलास सवलत हवी, तर जातीचा दाखला लागतो, आणि दाखल्यासाठीं २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वींच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याच्या आजाचा संसार गाढवाच्या पाठीवर होता, त्यानें तो कोठून आणावा? हजेरी घेतांना ज्यांचीं नांवें सरकारास अचूक सांपडत होतीं, तींच शाळेच्या वेळीं सांपडेनाशीं व्हावीं, हें नवलच म्हणावयाचें!

तीच गत ऊसतोडीच्या टोळ्यांची. दिवाळीच्या सुमारास माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांभोंवतीं कोप्या पडतात, आणि ऐन शाळेच्या महिन्यांत मूल फडांत धाकटें भावंड सांभाळीत बसतें. परीक्षेंत तें मागें पडलें, तर दोष कुळाचा कसा?

फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापुरांत तें सक्तीचें व मोफत केलें. २००९ च्या कायद्यानें तो प्रत्येक मुलाचा हक्क ठरला. कायद्याची उणीव आतां उरली नाहीं. उरली आहे ती आपल्या मनाची. कागद नसेल तेथें अधिकाऱ्यानें पालावर जाऊन चौकशी करावी. ज्याच्या दुकानांतून ह्यांच्या दोन पिढ्यांनीं मीठमिरची नेली, त्या व्यापाऱ्यानें साक्ष देण्यास पुढें यावें. मोरेश्वरास आपण विद्येचा दाता म्हणतों. त्याच्या पायरीशीं हात पसरणाऱ्या पोरास पैसा टाकून पुण्य मोजण्यापेक्षां त्याचें नांव शाळेंत घालणें, हीच त्या देवाची खरी पूजा होय.